काउंटरखालचं हेल्मेट

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, आणि मला ते कौतुकच वाटायचं. धरमपेठेतल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसून मला बारा वर्षं झाली. फॉर्म भरायचे, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची, पोटभर पाणी पिऊन बसा म्हणून बजावायचं, आणि मॅडम आतून सांगतील ते रिपोर्टमध्ये टाईप करायचं. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, सेंटर त्यांचंच. माझ्या तोंडाला घाबरून लोक रांगेत बसतात, असं त्याच चारचौघांत सांगतात, आणि इतकी वर्षं मी ते ऐकून फुगत आले.

इतकं बसल्यावर काही गोष्टी न सांगता कळायला लागतात. पोटातलं बाळ ठीक असलं की मॅडम मोठ्यानं बोलतात, बाईला स्क्रीन दाखवतात, नवऱ्याला आत बोलावतात. ठीक नसलं की त्यांचा आवाज खाली येतो आणि त्या एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात, "शेवटच्या पाळीची तारीख नक्की आठवते ना?" तारीख तर फॉर्मवर लिहिलेली असते. मीच लिहिलेली असते. टेबलावर झोपलेल्या बाईला वाटतं, चला, तारखेचाच काहीतरी घोळ असेल. दाराच्या अलीकडे मला कळून चुकतं आणि मी कॉम्प्युटरवर रिपोर्टचा दुसरा नमुना उघडून ठेवते.

मागच्या वर्षी तो प्रश्न मॅडमनी मला विचारला.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा औषधं घेऊन कंटाळून सोडून दिली होती, आणि मग काहीच करत नसताना राहिलं. साडेसहा आठवड्यांची असताना दुपारी पेशंट संपल्यावर मॅडमनीच पाहिलं. एवढासा ठिपका, आणि त्यात ठोक्यांची लुकलुक. रोज पंधरा-वीस बायकांचे रिपोर्ट टाईप करणारी मी, ती लुकलुक पाहून हमसून हमसून रडले. मॅडम म्हणाल्या, "अगं वेडे, हे चांगलं असतं." मी म्हटलं, "मॅडम, मले माहीत आहे ना, मीच तर टाईप करते." आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी हुडकेश्वरला घरी जाताना मी स्कूटी वीसच्या वर नेली नाही.

घरी माझी सासू, नवरा आणि मी. आमचं घर बौद्ध. आजेसासऱ्यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नजर, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही शिरलेलं नाही, आणि सासूला त्याचा भारी अभिमान. तरीपण बातमी ऐकल्यावर तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं? "पोरी, तीन महिने तोंड बंद ठेवजो. कोनाले सांगू नको."

मी म्हटलं, "काहून आई? आपण तर मानत नाही ना."

"आपण नाई मानत वं. पण लोकं मानतात ना!"

यावर काय बोलणार! मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई तीन महिने गप्प बसणार म्हणजे गंमतच होती, पण बसले. माहेरी सांगितलं नाही. सेंटरमध्ये मॅडम सोडून कोणाला नाही. माझा नवरा लकडगंजात एका लाकडाच्या दुकानात मालावर देखरेख करतो. त्यानंही मालकाला, मित्रांना, कोणाला म्हणजे कोणालाच कळू दिलं नाही. फक्त एक दिवस तो घरी येताना सागाच्या चार गुळगुळीत पट्ट्या घेऊन आला आणि माळ्यावर टाकून दिल्या. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, "राहू दे, कामात येईन." पाळण्याला लागतात तेवढ्याच लांबीच्या होत्या. मला समजलं, आणि त्या रात्री त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

सासूची एकच कटकट होती, गाडी. "गाडी बंद कर. बसनं जा, ऑटोनं जा, पण ते स्कूटी बंद कर." हुडकेश्वरहून धरमपेठेत वेळेवर पोचायचं तर बसच्या भरवशावर राहून चालत नाही. मी म्हणायची, सावकाश जाते आई. आणि खरंच सावकाश जायची. पण एका बुधवारी मानेवाड्याच्या पुढे रातोरात नवीन स्पीड ब्रेकर टाकलेला, पांढरे पट्टे नाहीत, काही नाही. गाडी आदळली. माझे दात एकमेकांवर वाजले. मी गाडी बाजूला घेतली, पोटावर हात ठेवून पाच मिनिटं उभी राहिले आणि स्पीड ब्रेकर टाकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

गुरुवारी सकाळी डाग दिसला.

फार नव्हता. तपकिरी, चहाच्या डागाएवढा. काउंटरवरून कितीतरी बायकांना मी सांगितलेलं होतं, थोडा डाग बऱ्याच जणींना दिसतो, घाबरायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. तेच स्वतःला सांगत ऑटोनं सेंटरला गेले. मॅडमनी आधी मला घेतलं. थंड जेली, अंधार, पंख्याचा आवाज. मॅडम बोलेनात. मी छताकडे पाहत होते. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तारीख नक्की ना गं?"

मी म्हटलं, "मॅडम, मले नका विचारू ते."

त्यांनी माझा हात धरला. बारा वर्षांत मॅडमनी पहिल्यांदा माझा हात धरला. लुकलुक थांबलेली होती. मी नऊ आठवड्यांची होते आणि आतलं माप सात आठवड्यांचं होतं.

मी उठले, कपडे नीट केले आणि सवयीनं काउंटरवर जाऊन बसले. मला माझाच रिपोर्ट टाईप करायचा होता. नमुना उघडला, हात चालेनात. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उठ तिथून." मग त्या स्वतः माझ्या खुर्चीवर बसल्या आणि एका बोटानं टाईप करायला लागल्या. त्यांना टायपिंग येत नाही. एक एक अक्षर शोधत, दाबत. समोर वीस पेशंट खोळंबलेले, पाणी पिऊन पोटं तुंबलेली, आणि डॉक्टर काउंटरवर बसून टकटक करतेय. कोणीतरी कुरकुर केली. मॅडमनी मान वर केली नाही. अर्ध्या पानाच्या रिपोर्टला त्यांना पाऊण तास लागला. आजही मला मॅडमचा राग आला की मी तो पाऊण तास आठवते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्याइतकी ताकद नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले: आपोआप पडण्याची वाट पाहा, गोळ्या घ्या, किंवा सफाई करून घ्या. सफाई हा शब्द मी स्वतः हजार वेळा वापरलेला. त्या दिवशी तो ऐकून मला त्या डॉक्टरच्या टेबलावरचा पेपरवेट फेकून मारावा वाटला. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. मी गोळ्या घेतल्या. शनिवारी भर दुपारी, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असताना, आमच्या न्हाणीघरात सगळं झालं. पाळीसारखं दुखेल म्हणाले होते. खोटं. पाळीसारखं नाही दुखत. सासू दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आहे ना वं? बोल ना वं." मी आतून हूं म्हणायची.

नवऱ्यानं काही विचारलं नाही. संध्याकाळी तो माळ्यावर चढला आणि पट्ट्या आणखी मागे सरकवून आला. मला वाटलं, याला कशाचं काही नाही. मी बोललेही तसं, टाकून. तो म्हणाला, "तू रडून राहिली तर मी कधी रडू?" आणि बाहेर निघून गेला.

सासू एकदाच बोलली, सांगितल्या सांगितल्या, गुरुवारी: "मी म्हणत होती ना, गाडी बंद कर." एकदाच. नंतर कधीच नाही. नंतर तिनं वेगळंच काम सुरू केलं. मला सकाळी अळिवाची खीर. चार वाजता डिंकाचा लाडू. जेवणानंतर बाळंतशेपा. अंगाला तेल लावून गरम पाण्यानं अंघोळ, डोक्याला रुमाल. मी म्हटलं, आई, हे तर बाळंतिणीचं आहे. तर म्हणाली, "मंग? तू कोन आहेस?" बाळंतिणीला देतात ते सगळं मला मिळालं, फक्त मांडीवर काही नव्हतं.

आणि कोणाला सांगायचीही सोय नव्हती! आनंदच सांगितला नव्हता, तर दुःख काय सांगणार? शेजारची काकू विचारायला आली, पोरगी घरी कशी? तर सासूनं सांगून टाकलं, डेंगू झाला. नागपुरात कोणीही लगेच मानतो असा तो आजार. काकू तोंडाला पदर लावून "अरे देवा" म्हणत गेली आणि तासाभरात वाटीभर हिरवागार रस घेऊन हजर. पपईच्या पानांचा. "प्लेटलेट वाढतात, पी माझ्यासमोर." नऊ आठवडे ज्या पपईकडे मी भाजीवाल्याच्या गाडीवर नुसतं पाहिलंसुद्धा नाही, तिच्या पानांचा रस मी काकूच्या समोर पलंगावर बसून प्याले. कडू जहर. काकू समाधानानं म्हणाली, आता पाहा कशी उठून बसते ते. सासू भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

दहा दिवसांनी कामावर गेले. काकू खरंच म्हणाली, पाहा, पपईनं उठली!

कामावर सगळं तसंच. पण माझ्या डोक्यात तो स्पीड ब्रेकर अडकून बसला होता. बस थांबली की तो, पोळी लाटताना तो, डोळे मिटले की दात वाजल्याचा तो आवाज. बसनं गेले असते तर? पाचच मिनिटं आधी उठले असते तर? दिवसातून शंभर वेळा मी मनात तिथून सावकाश जायची, आणि बाळ राहायचं. एका दुपारी पेशंट संपल्यावर मॅडम डबा खात होत्या. मी दारात उभी राहून विचारलं, "मॅडम, माझ्या गाडीमुळेच झालं ना?"

मॅडमनी घास खाली ठेवला. "किती दिवस हे घेऊन फिरून राहिली तू?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागले.

"तुझं माप किती होतं?"

"सात आठवडे."

"आणि तू?"

"नऊ."

"मग थांबलं कधी?"

"दोन आठवडे आधी."

"आणि तो तुझा स्पीड ब्रेकर?"

"आदल्या दिवशी."

"मग?" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "बारा वर्षं रिपोर्ट टाईप करून राहिली, एवढं नाही समजत? तू ज्या दिवशी आदळली, त्या दिवशी ते दोन आठवड्यांपासून थांबलेलं होतं. अगं, सुरुवातीच्या महिन्यांत जातं तेव्हा बहुतेक वेळा जुळतानाच आतली जुळणी चुकलेली असते. ते पुढे वाढणारच नसतं. तू पलंगावर पडून राहिली असती तरी थांबलं असतं. जिना चढल्यानं नाही जात, भांडल्यानं नाही जात, पपईची एक फोड खाल्ल्यानं नाही जात, आणि स्कूटीनं तर अजिबातच नाही. गाडी आदळून गर्भ पडत असते तर या नागपुरात एक पोट्टं जन्माला आलं नसतं!"

मी दाराला टेकून हसले आणि मग रडले. मॅडमनी त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली. छातीवरून दगड उचलल्यासारखं हलकं वाटलं. खरंच वाटलं. मी काउंटरवर येऊन बसले, पर्स ठेवायला खाली वाकले, आणि तिथे ते हेल्मेट होतं.

लाल हेल्मेट. दोन वर्षांपासून काउंटरखालच्या खणात पडलेलं, मागे फुलपाखराचं स्टिकर. झाडणारी बाई ते उचलून खालचं झाडायची आणि परत ठेवायची. मी रोज त्याच्या शेजारी पर्स ठेवत आले होते. त्या दिवशी मी ते बाहेर काढून काउंटरवर ठेवलं.

ते एका पेशंटचं होतं. लकडगंजची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. स्वतः गाडी चालवत आली होती, सासू मागून ऑटोनं आली आणि बाकावर बसली. पोरीनं फॉर्म भरला, हेल्मेट काउंटरवर ठेवलं, माझ्याशी हसून बोलली. घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते, मेहंदी काढते, असं सांगत होती. आत गेली. मग मला दारातून मॅडमचा प्रश्न ऐकू आला, तारीख नक्की ना? मी दुसरा नमुना उघडला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलेलं नव्हतं. मला तिची दया आली. आणि मला दया आली की मी रागावते. तोंडच तसं. काउंटरवरचं हेल्मेट पाहून मी म्हटलं, "तू गाडी चालवत आली काय वं? अशा दिवसांत? काहून चालवते? असंच होते मग!"

माझा आवाज मोठा आहे. बाकावरच्या सासूनं मान वर केली.

बस, एवढंच. त्यांनी रिपोर्ट घेतला, सासूनं तिचा दंड धरला आणि ऑटोत बसवून नेलं. गाडी नंतर कोणीतरी येऊन घेऊन गेलं. हेल्मेट राहिलं. मी एकदा फोन केला होता, घेऊन जा म्हणून. हो म्हणाले, आले नाहीत. मी विसरले. सांगताना लाज वाटते, पण मी तो दिवस पूर्ण विसरले होते.

मी तशीच उठून मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी डबा बंद केला. म्हणाल्या, "तुझं तोंड चालतं म्हणून मी हसत आली. माझीही चूक आहे." मग जुना रिपोर्ट काढून पाहिला. तारखेप्रमाणे अकरा आठवडे, माप आठ. तीन आठवडे आधीच थांबलेलं. हे मीच टाईप केलेलं होतं, माझ्या हातानं, आणि टाईप करून झाल्यावर मान वर करून मी तिला ते वाक्य ऐकवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "फोन कर. हेल्मेट न्यायला बोलाव. पुढचं ती ऐकायला तयार असली तरच."

मी फोन केला. तिनंच उचलला. हेल्मेटचं सांगितलं तर म्हणाली, "मले आता नाही लागत ते. टाकून द्या." मी म्हटलं, ताई, मला थोडं बोलायचं आहे, तुमच्या त्या रिपोर्टबद्दल. ती म्हणाली, "मी बाहेर नाही निघत जास्त. तुमीच या."

रविवारी गेले. नवरा सोडायला आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. घर सापडलं ते गाडीवरून. अंगणात भिंतीशी स्कूटी होती, निळ्या ताडपत्रीखाली, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. माझ्या हातात हेल्मेट. तिनं दार उघडलं आणि मी तिला ओळखलंच नाही. ती वाळली होती. तिनंही मला ओळखलं नाही. हेल्मेटकडे पाहिलं आणि या म्हणाली. तिची सासू आतल्या खोलीच्या दारात मूग निवडत बसलेली होती.

मी पाणी प्याले आणि विचारलं, "काम सुटलं काय ताई तुमचं? पार्लरचं?"

"गाडी सोडली ना. गाडीशिवाय कसं जमन ते."

"काहून सोडली?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासूच बोलली, "डॉक्टरनं सांगितलं होतं ना बाई. गाडीमुळेच गेलं म्हणून. मी सोता ऐकलं. आमी तर किती दिवसापासून म्हणत होतो, पन हिले काही ऐकाचंच नव्हतं."

पोरगी खाली पाहत होती. तिला हे पाठ असावं.

मी म्हटलं, "मावशी, ते डॉक्टर नव्हत्या बोलल्या. ते मी बोलली होती. मी डॉक्टर नाही. मी तिथं फॉर्म भरते."

माझ्या आवाजाला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे, माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, तो रिपोर्ट आहे काय घरी? पोरगी उठली. कपाटातून प्लास्टिकची फाईल आणली. कागद घडीसुद्धा न मोडता ठेवलेला. इंग्रजीत. त्या घरात कोणी वाचलेला नव्हता. मी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेले, तारखेप्रमाणे अकरा, मापाप्रमाणे आठ, म्हणजे तीन आठवडे आधीच थांबलं होतं. त्या दिवशी गाडीवर आली त्यामुळे नाही. त्याच्या आदल्या दिवसामुळे नाही. जुळतानाच चुकलं होतं, कोणाच्याही हातात नव्हतं. मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. मग हात जोडले. मी आयुष्यात कोणाला सहजी हात जोडलेले नाहीत.

सासूच्या हातातला मूग तसाच राहिला. ती उठून आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

पोरगी कागदाकडे पाहत होती. मग तिनं मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी पत्ता विचारावा तसं, "मंग दोन वर्षं मी रोज कोनाची माफी मागून राहिली?"

माझं तोंड, जे बारा वर्षांत एकदा बंद पडलं नव्हतं, ते त्या खोलीत बंद पडलं. ती मला शिव्या देईल म्हणून मी तयारी करून गेले होते. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कसंबसं म्हटलं, "मले माहीत नव्हतं ताई. माझं सोताचं गेलं तेव्हा समजलं."

एवढं बोलून मी उठले, चपला घातल्या आणि अंगणात आले. ती मागून आली. हेल्मेट तिच्या हातात होतं. दोन वर्षांची धूळ ती ओढणीनं पुसत होती, स्टिकरच्या कडेनं, नीट. माझ्या माहेरी, माझ्या गल्लीत सगळ्यांसाठी मला डेंगू झाला होता. मॅडमनी पाहिलंच होतं, त्यांनी विचारलं ते फक्त हिशोब समजावायला. सासू आणि नवरा विचारू शकत नव्हते. तोपर्यंत हे मला असं कोणीच विचारलं नव्हतं. तिनं विचारलं.

"तुमचं किती दिवसाचं होतं?"

"नऊ आठवडे," मी म्हटलं. पहिल्यांदाच हिशोबासाठी नाही, नुसतं सांगायचं म्हणून म्हटलं.

तिनं हेल्मेट गाडीच्या ताडपत्रीवर ठेवलं आणि मला जवळ घेतलं.

"माझं अकरा," ती म्हणाली.